पटांगणातला पिच्चर

मी वर्ध्याला एका पतसंस्थेत काम करते. शनिवारी दुपारी सुटले की गावी जाते, सोमवारी सकाळच्या एसटीनं परत. गाव २८ किलोमीटरवर. बाबांची साडेपाच एकर शेती, त्यातलं विहिरीवरचं ओलीत जेमतेम एकरभर. बाकी पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन, म्हणजे आमच्याकडे सगळ्यांचं असतं तेच. सिनेमाशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरी १ फेब्रुवारी २०२५ ला आम्ही गावात शेतीवरचे तीन माहितीपट दाखवले. त्याला साडेचार महिने लागले. त्यातले निम्मे हेलपाटे कुणी आधी सांगितलं असतं तर वाचले असते, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात २०२४ च्या सप्टेंबरात झाली. पोळा होऊन गेला होता. एका मैत्रिणीकडे लॅपटॉपवर दीपा भाटिया यांची ‘नीरोज गेस्ट्स’ पाहिली. २००९ ची फिल्म, पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांत जाणारी. बघता बघता लक्षात आलं की यातली घरं, गुरांचे कोठे, अंगणातली बाज सगळं आपलं आहे. ही फिल्म कुठकुठल्या शहरांत लोकांनी पाहिली असेल आणि आमच्या गावात तिचं नावही कुणाला माहीत नाही. मग आपणच दाखवावी की! इतकं सोपं वाटलं होतं तेव्हा.

गावात पहिल्यांदा बोलले तर पहिला प्रश्न आला, “हिरो कोण हाय?” दुसरा, “तिकीट किती?” माहितीपट म्हणजे काय ते समजावताना माझीच फजिती होत होती. वाचवलं शेजारच्या आजोबांनी. ते म्हणाले, “अवं, ते सरकारी गाडीवाले दाखवत तसंच असन. माह्या लहानपणी यायची जीपगाडी. पडदा बांधायचे, मंग खताची फिल्म, मंग कुटुंबनियोजनाची.” फिल्म्स डिव्हिजन (१९४८ साली सुरू झालेली, २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालेली) आणि प्रचार खात्याच्या गाड्या हे मला पुस्तकी माहीत होतं, आजोबा त्या पडद्यासमोर मांडी घालून बसलेले होते. त्यांच्यामुळे ‘गाडीवाला पिच्चर’ हा शब्द मिळाला आणि पुढे प्रचारात तोच चालला.

दिवाळीनंतरचा शनिवार, ९ नोव्हेंबर, ठरवला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पोलीस ठाण्यात विचारायला गेले तर तिथल्या हवालदारांनी अर्ज हातातही घेतला नाही. “ताई, मतदान होऊ द्या, निकाल लागू द्या, मंग या.” तेव्हा राग आला, पण आता वाटतं, बरंच झालं. नोव्हेंबरात कापसाचा वेचा ऐन भरात असतो. बाया सकाळी सातला डबा बांधून निघतात, अंधार पडता घरी येतात, मग स्वयंपाक. त्यांना पटांगणात बसायला कोण सांगणार? वर्ध्यात बसून तारीख ठरवली की असं होतं.

एका ओळखीच्या कार्यकर्त्यानं १९ मार्च सुचवली. १९८६ साली त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं होतं. दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग होतो. बाबांना विचारलं. ते म्हणाले, “त्या दिवशी उपास करायचा असते. पिच्चर नाई पाहायचा.” शिवाय मार्चमध्ये परीक्षा, हरभऱ्याची काढणी आणि गव्हाची सवंगणी. तारीख बाद.

मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ ला. डिसेंबरभर मी फिल्मा पाहिल्या. एकूण चौदा. शेतीवर इतकं काम झालेलं आहे हे मला माहीत नव्हतं. तेलंगणातल्या पस्तापूरकडे तर डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी स्वतः कॅमेरा हातात घेऊन फिल्मा केल्यात. पण चौदापैकी मराठी दोनच. ‘नीरोज गेस्ट्स’ जिच्यामुळे हे सुरू झालं, तीच मी आधी बाजूला ठेवली, कारण तिच्यातलं महत्त्वाचं बोलणं इंग्रजीत आहे. आमच्या माणसांवरची फिल्म आमच्याच माणसांना कळणार नाही, याचं वाईट वाटलं.

मग विदर्भातल्याच आत्महत्यांवरची दुसरी एक फिल्म निवडली. हिंदी-मराठी, तासाभराची, फार चांगली. आईला सांगितलं तर आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “काकूले विचारलं काय?”

काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या. काका जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं, म्हणजे ते सरकारचे एक लाखही मिळाले नाहीत, कारण सातबारा सासऱ्यांच्या नावावर होता. आमच्याकडे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द कशासाठी वापरतात ते वेगळं सांगावं लागत नाही. मी गेले तेव्हा काकू तूर पाखडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. सूप थांबवलं नाही. मग एकच विचारलं.

“त्याच्यात दोर दाखवते काय?”

मला आठवेना. घरी येऊन पुन्हा लावली. दोर नव्हता. पण एक्केचाळिसाव्या मिनिटाला कोठ्याच्या आड्यावर कॅमेरा थांबतो. आवाज नाही, काही नाही, नुसतं आडं. मी सेकंद मोजले. अकरा. शहरात पाहताना मला तेच दृश्य सगळ्यात भारी वाटलं होतं.

ती फिल्म मी काढून टाकली. तेवढा तुकडा वगळून दाखवता आली असती का? दुसऱ्याच्या फिल्मला कात्री लावायचा अधिकार आपल्याला नसतो, आणि तो काढला तर फिल्म उरतही नाही. दिग्दर्शकांना फोनवर खरं कारण सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, बरोबर केलंत.

शेवटी तीन ठरल्या. एक जुनी सरकारी, काळी-पांढरी, ११ मिनिटांची, संकरित बियाण्यांच्या प्रचाराची. दुसरी तेलुगू, २६ मिनिटांची, कोरडवाहू जमिनीत बायका ज्वारी-तुरीसोबत आठ-दहा पिकं कशी घेतात त्याची. तिसरी मराठी, ३४ मिनिटांची, एका मुलीनं यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाच वावरात पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेच्यापर्यंत, केलेली. मिळून ७१ मिनिटं. यापेक्षा जास्त ठेवू नका. आमच्याकडे लोक रात्री साडेनऊला झोपतात.

परवानग्यांचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि मी त्यांची सरमिसळ केली होती. एक, ज्याची फिल्म आहे त्याची लेखी संमती. यूट्यूबवर आहे म्हणून पटांगणात लावता येते असं नाही. मी ईमेल पाठवत बसले, तीन आठवडे कुणाचं उत्तर नाही. फोन केला तर दोघांनी दोन दिवसांत होकार दिला. एका वितरकानं दुसऱ्याच एका फिल्मसाठी १५,००० रुपये सांगितले, तो विषय तिथेच संपला. माझ्या दोन फिल्मवाल्यांनी फुकट दाखवा म्हटलं होतं, तरी एकाला २,००० आणि दुसरीला १,५०० दिले. आपल्या कापसाला भाव मागायचा आणि त्यांचं काम फुकट घ्यायचं, हे मला पटेना.

दोन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला ते लागतं. फुकट दाखवा नाहीतर तिकीट लावून. सरकारी आणि तेलुगू फिल्मचं होतं. मराठी फिल्मचं नव्हतं! त्या मुलीनं सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर अर्ज केलेला होता, पण एक त्रुटी काढून परत आलेला. तिनं दुरुस्त करून पुन्हा भरला आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकमेकींना ‘आलं का?’ विचारत बसलो. २२ जानेवारीला आलं. ‘यू’. तोवर पत्रकावर तिसऱ्या फिल्मची जागा मी कोरी ठेवली होती. तुम्ही फिल्म निवडतानाच पहिला प्रश्न हा विचारा: प्रमाणपत्र आहे का, असेल तर त्याची प्रत पाठवा.

तेलुगू फिल्मला इंग्रजी उपशीर्षकं होती. ती मराठीत मी केली. ३१२ ओळी, चार रात्री. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, चालवायला सोपं. व्हीएलसीवर लावून पाहिलं तर पडद्यावर मराठीच्या जागी चौकोनच चौकोन. रडायला आलं. उपाय अगदी साधा निघाला: फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची आणि व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये उपशीर्षकांचा फॉण्ट देवनागरीवाला, म्हणजे निर्मला यूआय किंवा नोटो सान्स, निवडायचा. अक्षरं मोठी ठेवा आणि एका वेळी दोनच ओळी.

जानेवारी गेला कागदांत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आधी, कारण बाकी सगळे तोच मागतात. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, पण अर्जावर नवं पदनाम लिहा. माझा पहिला अर्ज त्यावरूनच परत आला. त्यांच्याकडे तीन गावं, आमच्याकडे येतात दोनच वार. दाखला ८ तारखेला मिळाला. शाळेच्या पटांगणासाठी मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी दोन्ही मागितलं. आधी मला २५ जानेवारी हवी होती. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. मी फक्की मारून ठेवीन आणि तुमचे लोक त्याच्यावर सतरंज्या टाकतील.” म्हणून १ फेब्रुवारी. नंतर पंचांग पाहिलं तर ती माघी चतुर्थी, म्हणजे चंद्राची नुसती कोर आणि तीही नऊच्या सुमाराला मावळणार. उघड्यावर दाखवणार असाल तर अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा, पौर्णिमेला पडदा फिका पडतो. हे मला आधी सुचलं होतं असं म्हणणार नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी तिथून घ्यायची. पहिल्या चकरेत कळलं की साउंडवाल्याचं हमीपत्र लागतं. दुसऱ्या चकरेत ठाणेदारसाहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या चकरेत विचारणा: “पिच्चर कशावर आहे? कोणत्या पार्टीचा?” मी संमतिपत्रं, प्रमाणपत्रांच्या प्रती, तीनही फिल्मांचा चार-चार ओळींचा गोषवारा, सगळं एका फायलीत लावून नेलं होतं. गोषवाऱ्यानं काम झालं. तेलुगू फिल्मचं प्रमाणपत्र जुनं होतं, दहा वर्षं उलटून गेलेली. ते चालतं का, असा प्रश्न आला. २०२३ च्या दुरुस्तीनं दहा वर्षांची मुदत काढून टाकली आहे, त्या पानाची झेरॉक्स होती माझ्याकडे. ती दाखवल्यावर साहेबांनी पहिल्यांदा मला बसायला सांगितलं. रात्री दहानंतर आवाज बंद, ही अट तर असतेच. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसरीवर पोच घ्या. यासाठी मला चार अर्ध्या रजा टाकाव्या लागल्या. शनिवार-रविवारी जमणारं यातलं काहीच नव्हतं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी मला दोन मिनिटं दिली. घरकुलाच्या यादीवरून आधीच पाऊण तास भांडण झालं होतं, लोक उठायच्या बेतात. मी उभी राहिले आणि घाईत एवढंच म्हणाले की येत्या शनिवारी सात वाजता शाळेत गाडीवाला पिच्चर आहे, गाडी नाही, पिच्चर आहे. हसले लोक. पण खरा प्रचार झाला हळदीकुंकवात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे असतंच. आई आणि मी चार संध्याकाळी अकरा घरी गेलो. वाणासोबत पत्रक. एकीनं विचारलं, “बायांनी यायचं काय?” म्हटलं, बायांच्याच तर फिल्मा आहेत. “मंग माणसं कायले येतील?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बुधवारी लाईनमन भेटला. त्याच्याकडून कळलं की त्या आठवड्यात शेतीच्या फिडरची थ्री-फेज वीज रात्रीची आहे, दहाच्या सुमाराला येणार. म्हणजे ज्यांच्याकडे गहू-हरभरा ओलिताचा आहे ते सगळे साडेनऊला मोटार लावायला निघणार. शिवाय रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यामुळे जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणारे वेगळेच, ते तर आठलाच निघतात. तारीख हलवता येत नव्हती. प्रोजेक्टर ठरलेला, परवानगी त्याच तारखेची. मग क्रम बदलला. कापसाची मराठी फिल्म शेवटी ठेवून त्यावर चर्चा घ्यायची असं माझं सुंदर नियोजन होतं. ती मी दुसऱ्या नंबरवर आणली. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करताना सभागृह, पाहुणे, हारतुरे यांच्याही आधी लाईनची पाळी विचारा. खरंच सांगते.

पडद्यासाठी डबल पन्ह्याचं पांढरं कापड घेतलं, साडेचार मीटर, १४० रुपये मीटर. बारा फूट रुंद, पावणेसात फूट उंच, मध्ये जोड नाही. शिंप्यानं चारी बाजूंनी पट्टी मारून कड्या बसवून दिल्या, ३५० रुपये. मागून काळी ताडपत्री लावायची, नाहीतर अर्धा उजेड आरपार जातो. प्रोजेक्टर वर्ध्याहून भाड्यानं, ३,५०० ल्युमेनचा, एका रात्रीचे १,८००. पडद्यापासून साधारण १८ फुटांवर ठेवावा लागला, आणि त्यासोबत आलेली केबल होती पाच फुटांची. म्हणजे लॅपटॉप घेऊन मी लोकांच्या मधोमध बसणार. शुक्रवारी रात्री चाचणी घेतली म्हणून ही भानगड कळली. शनिवारी सकाळी मावसभावानं हिंगणघाटहून लांब केबल आणली. त्याच चाचणीत वाऱ्यानं पडद्याचं पोट फुगलं आणि माणसांची तोंडं भोपळ्यासारखी दिसायला लागली. खालच्या पट्टीत बांबू घालून दोन्ही टोकांना विटा बांधल्या.

शनिवारी दुपारी गावात बजेटचीच चर्चा होती. त्याच दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख. सतरंज्या टाकता टाकता एक दादा म्हणाले, “उत्पादकता वाढवून काय करू? लांब धाग्याले हमीभाव ७,५२१ हाय, खेडा खरेदीवाला तेवढे देते काय ते विचार.” मला वाटलं, चर्चा तर इथेच सुरू झाली, पिच्चर कशाला पाहिजे.

पावणेआठला सुरू केलं. आधी पावणेदोनशे माणसं असावीत. पुढे पोरं, डावीकडे बाया, मागे भिंतीला टेकून म्हातारे, आणि फाटकापाशी मोटारसायकलींवर तरणी पोरं, आवडलं नाही तर लगेच निघता यावं म्हणून. जुन्या सरकारी फिल्ममध्ये निवेदक शुद्ध भाषेत शेतकरी बंधूंना उपदेश करत होता. त्यावर हशा. शेतात इस्त्रीचं धोतर नेसलेला माणूस आला तेव्हा तर टाळ्या पडल्या. पण संकरित बी पेरतानाचं दृश्य आलं आणि म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली. एच-फोर कपाशी सत्तर साली आली. आमच्याकडे पहिल्यांदा कुणी लावली, किती बोंडं लागली, पाटलांनी कसं एक-एक सरकीचं बी मोजून दिलं, हे भिंतीपाशी इतक्या मोठ्यानं चाललं की पोरं ‘श्श’ करायला लागली. फिल्म संपली तरी ते थांबेनात.

कापसाच्या फिल्ममध्ये पाच-सात मिनिटांतच मला कळलं की हे प्रेक्षक सिनेमा पाहत नाहीयेत, वावर पाहतायत. “दोन ओळींत अंतर पाहा, डवरा कसा जाईन?” “हे डवरण उशिरा झालं.” वेचणीचं जवळून घेतलेलं दृश्य होतं, बाईची बोटं बोंडातून कापूस काढताना. एक मावशी म्हणाल्या, “ही कॅमेऱ्यासाठी येचत हाय. इतकं हळू येचलं तं किलो कवा होईन?” दिग्दर्शिका माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली, मग हसली. नंतर म्हणाली की त्या दिवशी ‘जरा हळू करा’ असं तिनंच सांगितलं होतं.

आणि मग फवारणी आली. एक पोरगा, उघडा, पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीतून चाललेला. कॅमेरा त्याच्या मागे. पाठीवरून ओघळ खाली येतो, पँटची मागची बाजू भिजत जाते. तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही. अंतर चुकलंय, पंप जुना आहे, काहीच नाही. नुसता जनरेटरचा आवाज आणि प्रोजेक्टरच्या झोतात फिरणारे किडे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या गावचे दोघं तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात होते. ते दोघंही पटांगणात होते.

फिल्म संपली तेव्हा पावणेनऊ व्हायला आले होते, कारण मध्ये एकदा लॅपटॉपनं अपडेट घ्यायला सुरुवात केली आणि सात मिनिटं नुसतं गोल गोल फिरत राहिलं. (इंटरनेट बंद करून ठेवा. मी नव्हतं केलं.) त्या सात मिनिटांत चहा आणि चिवडा वाटून घेतला.

तेलुगू फिल्म लावली तेव्हा पुरुष एकेक करून निघायला लागले. माझी चार रात्रींची उपशीर्षकं पडद्यावर झळकत होती आणि मला पहिल्यांदा सुचलं की समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी कितीजणी वाचू शकतात. दोन मिनिटांत त्यांनी आपापसांत बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात बायांतून आवाज आला, “अवं, मले समजते ते.” आदिलाबादकडून आलेली सून. लग्नाला सहा वर्षं झाली, तिला तेलुगू येतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. साउंडवाल्यानं तिच्या हातात माइक दिला. पदर सावरत, आधी अडखळत, मग मस्त लयीत ती सांगत गेली. एका ठिकाणी म्हातारी बाई बियांचं गाडगं मांडीवर घेऊन काही बोलते. माझं उपशीर्षक होतं: ‘बियाणे हीच आमची संपत्ती आहे.’ सून म्हणाली, “ती म्हणत हाय, घरी बी नसलं तं दुकानदाराच्या पायरीवर उभं राहा लागते.” बाया एकदम ‘हो, हो’ करून उठल्या. मी इंग्रजीवरून केलं होतं, तिनं बाईच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानंतर मी उपशीर्षकं बंद केली.

दहाला पाच कमी असताना आवाज बंद केला. शेवटी ऐंशी-नव्वद जण उरले होते, बहुतेक बाया. ठरवलेली चर्चा झालीच नाही. माइकवर कुणी यायला तयार नव्हतं. पण पटांगणातून लोक निघायला पाऊण तास लागला. बरबटी आता कुणी का पेरत नाही, तणनाशकानं मूग कसा जळतो, असं बोलत घोळके फाटकापाशी उभे होते. तुम्ही चर्चा आखणार असाल तर ती माइकविना, चहासोबत ठेवा.

हिशोब सांगते. प्रोजेक्टर १,८००, पडदा ९८०, जनरेटर आणि डिझेल २,०५०, साउंड १,२००, चहा-चिवडा १,१५०, झेरॉक्स आणि पत्रकं ३४०, जाणं-येणं आणि केबल ८८०, फिल्मवाल्यांना ३,५००. एकूण ११,९००. वर्गणी ७,४०० जमली, कुणाकडून पन्नास, कुणाकडून पाचशे. उरलेले ४,५०० माझे गेले. सतरंज्या गणपती मंडळाच्या, जागा शाळेची. एका कृषी केंद्रवाल्यानं पूर्ण खर्च द्यायची तयारी दाखवली होती, पडद्याच्या वर त्याचा बॅनर लावून. फवारणीची फिल्म त्याच्या बॅनरखाली दाखवणं मला जमलं नसतं. पुढच्या वेळी पैसे कमी पडले तर जमेल का, माहीत नाही.

चुकलंही बरंच. जागलीला जाणाऱ्यांना काहीच पाहता आलं नाही. लहान पोरांसाठी काही ठेवलं नव्हतं, ती दुसऱ्या फिल्मला सतरंजीवरच झोपली. फोटो काढायला कुणाला सांगितलंच नाही, त्यामुळे माझ्याकडे फोटो आहेत फक्त रिकाम्या पटांगणाचे.

काकू आल्या होत्या. अगदी कडेला, जनरेटरच्या बाजूला बसल्या होत्या. मी पाहिलं, पण जवळ गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दळण घेऊन जाताना त्याच थांबल्या. “ते तेलगू बाईचं गाडगं होतं ना, तसं माह्या सासूजवळ होतं. वरून शेणानं लिपायची आणि राख टाकायची आतमधी. त्यायनं राख दाखवली नाई.” म्हटलं, दाखवली असेल, आपल्याला दिसली नसेल. “नाई दाखवली. मी पाहत होती.”

घरी येऊन पुन्हा लावली. राख दाखवलेली नाही.

आता शेजारच्या गावची मुलं पडदा मागायला आली होती. त्यांना कागदांची फाइल दिली, लाईनमनचा नंबर दिला. पडदा मात्र देता आला नाही. मार्चमध्ये एका रात्री आभाळ भरून आलं तेव्हा बाबांनी तो ताडपत्रीसकट हरभऱ्याच्या ढिगावर टाकला होता. आईनं दोनदा धुतला, तरी मधोमध पिवळा डाग आहे.